'स्नॅच'मधला बोरिस मुळात हॅम्लेट होता : राडे शेरबेजिया

पडद्यामागचा

मंडळी, एका नटावर धागा काढतोय. नाव सांगितलं तर बरेच जण "कोण?" विचारतील आणि फोटो दाखवला तर "अरे, हा होय!" म्हणतील. 'स्नॅच'मध्ये कितीही गोळ्या घातल्या तरी न मरणारा बोरिस. 'मिशन इम्पॉसिबल २'च्या सुरुवातीला विषाणू आणि त्याचा उतारा घेऊन निघालेला शास्त्रज्ञ. 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये ब्रूस वेन ज्याला अंगातला कोट देऊन टाकतो तो बेघर माणूस. हॅरी पॉटरच्या शेवटच्या गोष्टीतला छडीवाला ग्रेगोरोविच. 'टेकन २'मध्ये मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला अल्बेनियन बाप. हे सगळे एकच गृहस्थ, राडे शेरबेजिया.

हॉलिवूडला पोलादी पडद्यापलीकडचा कोणीही हवा असला की यांची आठवण होते. रशियन जनरल, रशियन माफिया, रशियन शास्त्रज्ञ, बदल म्हणून 'डाउनटन अ‍ॅबी'त एक परागंदा रशियन राजपुत्र. माणूस मात्र रशियन नाही, क्रोएशियाचा आहे.

माझं म्हणणं इतकंच की आपण या नटाला चुकीच्या टोकाकडून ओळखतो. 'द सेंट' या सिनेमातून तो हॉलिवूडमध्ये ठळकपणे दिसला ते साल १९९७, म्हणजे तेव्हा तो पन्नाशीचा होता. त्याआधी पाव शतक तो युगोस्लाव्हियाच्या रंगभूमीवर पहिल्या फळीत होता आणि त्या काळातलं त्याचं काम आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलंय.

जन्म २७ जुलै १९४६. गाव बुनिच, क्रोएशियातल्या लिका या डोंगराळ, गरीब भागात. कुटुंब सर्ब. लहानपण पूर्वेकडच्या व्हिंकोव्त्सी शहरात गेलं. झाग्रेबच्या नाट्य अकादमीतून १९६९ साली बाहेर पडला आणि नंतर तिथेच शिकवायलाही लागला. सत्तरच्या दशकात दुब्रोव्हनिकच्या उन्हाळी महोत्सवात हॅम्लेट केला. तिथला हॅम्लेट नाट्यगृहात होत नाही. शहराच्या तटाबाहेर समुद्रावर झुकलेल्या कड्यावर लोव्हरियेनाट्स नावाचा किल्ला आहे, त्याच्या आत, उघड्या आभाळाखाली होतो. १९५२ पासूनची ही प्रथा. डॅनिअल डे-लुईसचा इंग्रजी हॅम्लेटही १९८९ साली तिथे येऊन गेला. ('गेम ऑफ थ्रोन्स'वाल्यांनी तोच किल्ला राजवाडा म्हणून वापरला. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो पाहिलेला आहे.)

पण मला त्याचा दुसरा हॅम्लेट जास्त आवडतो. १९७३ साली क्र्स्टो पापिच या दिग्दर्शकाने 'म्रदुशा दोन्या गावातला हॅम्लेटचा प्रयोग' हा सिनेमा केला. मूळ नाटक इवो ब्रेशानचं. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, जागा दाल्मेशियाच्या आतल्या भागातलं एक कोरडं खेडं. कम्युनिस्ट पक्षाचा आदेश येतो की संस्कृती गावागावात पोचली पाहिजे, म्हणून ही मंडळी हॅम्लेट बसवायला घेतात. हॅम्लेट कोणाला ठाऊक नाही. गावातल्या मास्तरला धरतात आणि तो ते नाटक लोकांना समजेल आणि पक्षाला रुचेल असं फिरवत बसतो. गावचा पुढारी बुकारा स्वतः राजा क्लॉडियस होतो. आणि हॅम्लेट कोण, तर योत्सो नावाचा तरुण, ज्याच्या बापावर सहकारी संस्थेचे पैसे चोरल्याचा आळ आहे. चोर खरा कोण हे योत्सोला हळूहळू कळत जातं. तालमीत ज्याच्यासमोर तो सूडाची वाक्यं बोलतोय तोच त्याच्या बापाचा गुन्हेगार. योत्सो म्हणजे आपला राडे.

पहिला अर्धा सिनेमा पोट धरून हसवतो. मग हसू कधी थांबतं ते समजत नाही. सहकारी संस्था, तिचा चेअरमन आणि नाट्यहौस ही तिन्ही प्रकरणं आपल्याला पाठ असल्यामुळे हा सिनेमा मराठी माणसाला समजायला तळटीप लागत नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. कोणी काही पाहिलं असेल तर भर घाला.

चिवचिवाट

शीर्षकात 'राडे' वाचून इथे मारामारी चालू असेल म्हणून धावत आले. निराशा झाली, पण वाचत राहिले. पुढचा भाग टाका लवकर.

रात्रपाळी

लेख चांगला, पण "चुकीच्या टोकाकडून ओळखतो" हे पटलं नाही. परदेशी नट हॉलिवूडमध्ये गेला की तो वाया गेला, हे रडगाणं आपण किती दिवस गाणार?

'आइज वाइड शट' घ्या. कुब्रिकचा शेवटचा सिनेमा, १९९९. त्यात राडे भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानाचा मालक मिलिच. दोनच प्रसंग आहेत. पहिल्यात टॉम क्रूझ मध्यरात्री दुकान उघडायला लावतो. आत मिलिचला स्वतःची अल्पवयीन मुलगी दोन पुरुषांबरोबर सापडते आणि तो पिसाळतो, पोलिसांच्या धमक्या देतो. दुसऱ्या दिवशी क्रूझ पोशाख परत करायला येतो तेव्हा तेच दोन पुरुष आतून आरामात बाहेर पडतात आणि मिलिच त्यांना हसून निरोप देतो. मग मुलीला जवळ घेऊन क्रूझला सुचवतो की पोशाखाव्यतिरिक्त आणखी काही लागलं तरी सांगा. आदल्या रात्रीचा संताप खरा होता की भाव वाढवायची युक्ती होती, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून आजही मला ठरवता येत नाही. दोन प्रसंगांत एवढं करणाऱ्याला वाया गेला म्हणायचं?

आणि बोरिसबद्दल एक शब्द वाकडा ऐकून घेणार नाही.

पडद्यामागचा

@रात्रपाळी, मिलिच मान्य, शंभर टक्के मान्य. पण तो कुब्रिक होता. 'मायटी जो यंग'मध्ये गोरिलाच्या मागे लागलेला बोटं तुटका खलनायक, 'एक्स-मेन'मध्ये गणवेशातला रशियन सेनानी, '२४' मालिकेत अणुबॉम्बवाला रशियन ग्रेडेन्को. यात नटाला करायला काय होतं सांगा. उच्चार जड करायचे आणि भुवया खाली आणायच्या.

मुक्काम_पोस्ट_पेण

'बिफोर द रेन'चा उल्लेख अजून कसा नाही आला? फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता आणि बाहेर आल्यावर कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: १९९४, दिग्दर्शक मिल्चो मान्चेव्हस्की, मॅसेडोनिया. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीचा सुवर्ण सिंह तैवानच्या 'व्हीव्ह लामूर'सोबत विभागून मिळाला, पुढे ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या यादीतही गेला. तीन भाग आहेत. पहिला एका मठात, दुसरा लंडनमध्ये, तिसरा मॅसेडोनियातल्या खेड्यात, आणि शेवट फिरून सुरुवातीला येऊन भिडतो, पण नीट जुळत नाही. ते न जुळणं मुद्दाम ठेवलंय.

राडे यात अलेक्झांडर किरकोव्ह, पुलित्झर मिळालेला युद्ध छायाचित्रकार. बोस्नियात असताना तो एका सैनिकाकडे सहज कुरकुर करतो की इथे टिपण्यासारखं काही घडतच नाहीये. सैनिक रांगेतला एक कैदी बाहेर ओढतो आणि गोळी घालतो. कॅमेरा चालू असतो. त्यानंतर हा माणूस नोकरी सोडून, लंडनमधली बाई मागे ठेवून, सोळा वर्षांनी गावाकडे परततो. गावात आता मॅसेडोनियन आणि अल्बेनियन एकमेकांवर बंदुका रोखून बसलेत. घराचं छप्पर कोसळलंय. चुलतभाऊ मिठ्या मारतात, दारू पाजतात, आणि हातात बंदूक घेऊन सोबत यायला सांगतात.

राडेचं काम बघायचं तर गावात शिरतानाचं बघा. फाटका शर्ट, ओठांवर शीळ, सगळं ओळखीचं वाटल्याचा आनंद, आणि त्याखाली "आपण इथे पाहुणे आहोत" हे कळत जाणं. संवाद जवळपास नाहीतच. मरतो तेव्हासुद्धा जवळजवळ हसतमुख.

चिवचिवाट

पेणकर, शेवट सांगून टाकलात!

मुक्काम_पोस्ट_पेण

तीस वर्षं जुना सिनेमा आहे हो. आणि यात कोण मरतं हे कळल्याने काही बिघडत नाही, पहिल्या भागातच त्याचं दफन दिसतं.

सवाल_जवाब

एक बाळबोध शंका. घराणं सर्ब, गाजला युगोस्लाव्हियात, सर्वांत मोठा सिनेमा मॅसेडोनियाचा. मग क्रोएशियन कसा? विकिपीडियावर तसं लिहिलंय म्हणून?

पडद्यामागचा

शंका बाळबोध नाही, हाच त्याच्या आयुष्यातला कळीचा प्रश्न आहे. क्रोएशियात जन्मला, तिथे शिकला, तिथल्या रंगभूमीवर वाढला, आज काम तिथेच करतो, त्यामुळे क्रोएशियन. पण तो ज्या काळात घडला तेव्हा हे प्रश्न नट मंडळी एकमेकांना विचारत नव्हती.

१९७७-७८ च्या सुमाराला ल्युबिशा रिस्टिच या दिग्दर्शकाने एक नाट्यमंडळी उभी केली, राडे त्यातला म्होरक्या. मंडळीचं नाव 'केपीजीटी': कझालिष्टे, पोझोरिष्टे, ग्लेदालिष्चे, तेआतर. क्रोएशियन, सर्बियन, स्लोव्हेनियन आणि मॅसेडोनियन भाषांत नाट्यगृहाला असलेले चार शब्द, त्यांची आद्याक्षरं. म्हणजे देश एक, भाषा अनेक, रंगमंच एक. त्यांचं सर्वांत गाजलेलं नाटक 'स्कोप्येची मुक्तता', लेखक दुशान योव्हानोविच. जर्मन-बल्गेरियन ताब्यातलं स्कोप्ये शहर, एका लहान मुलाच्या नजरेतून. ते घेऊन मंडळी अमेरिकेपर्यंत जाऊन आली.

त्याच काळात सिनेमेही जोरात. रायको ग्रलिचचा 'ब्राव्हो माएस्त्रो' १९७८ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्यात राडे एक होतकरू संगीतकार आहे, जो तडजोडी करत करत वर चढतो आणि वर पोचेपर्यंत आतून पोकळ होतो. १९८६ साली लोर्दान झाफ्रानोविचच्या 'संध्याकाळच्या घंटा'साठी पुला या शहरातल्या सिनेमहोत्सवात 'सुवर्ण अरेना' हा अभिनयाचा पुरस्कार मिळाला. हा महोत्सव रोमन काळातल्या अख्ख्या रिंगणात भरतो.

आणि १९९१ मध्ये देशच फुटला. तो युद्धाविरुद्ध आणि दोन्हीकडच्या राष्ट्रवादाविरुद्ध उघड बोलत होता. झाग्रेबमध्ये तो सर्ब ठरला आणि बेलग्रेडमध्ये अवघड जागीचं दुखणं. बायको लेन्का उदोविच्की, नाट्यदिग्दर्शिका, मूळ बेलग्रेडची. बेलग्रेड, मग स्लोव्हेनियात ल्युब्लियाना, मग लंडन, मग लॉस एंजेलिस असा संसार फिरत राहिला. तेव्हा 'बिफोर द रेन'मध्ये गावी परतून परका झालेला माणूस त्याने कुठून आणला, हे वेगळं सांगायला नको.

सांजफूल

या निमित्ताने मीरा फुर्लानची आठवण काढते. 'बॅबिलॉन ५'मधली डेलेन, 'लॉस्ट'मधली जंगलात राहणारी फ्रेंच बाई रूसो. ती झाग्रेबची, क्रोएशियन राष्ट्रीय नाट्यगृहाची नटी, नवरा सर्ब. १९८५ ला कानमध्ये पाम दोर मिळालेल्या कुस्तुरिकाच्या सिनेमात बापाची प्रेयसी तीच. १९९१ मध्ये युद्ध पेटलेलं असताना ती बेलग्रेडच्या नाट्यमहोत्सवात काम करायला गेली, म्हणून झाग्रेबच्या वर्तमानपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं. राष्ट्रीय नाट्यगृहातलं काम गेलं. फोनवर धमक्या. तिने "माझ्या नागरिक बांधवांना" असं एक जाहीर पत्र लिहिलं आणि नवऱ्यासोबत अमेरिका गाठली. २०२१ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसलाच वारली.

राडेच्या वाट्याला निदान "रशियन" भूमिका होत्या. तिला अंतराळातली परग्रहवासी व्हावं लागलं. (अर्थात डेलेन ही मिळालेली उत्तम भूमिका होती, तक्रार नाही.)

जुनी_रद्दी

पडद्यामागचा यांनी अजून ब्रियुनी बेटांवरच्या नाटकांबद्दल लिहिलेलं नाही, तत्पूर्वी थोडं अवांतर. आमच्या पिढीला 'ब्रिओनी' म्हटलं की नाटक नव्हे, राजकारण आठवतं. ती युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांची उन्हाळी वस्तीची बेटं. जुलै १९५६ मध्ये पंडित नेहरू आणि इजिप्तचे नासर तिथे टिटोंना भेटले आणि तिघांनी संयुक्त पत्रकावर सह्या केल्या. अलिप्ततावादी चळवळीच्या मुळाशी ही भेट मानतात. टिटोंनी बेटावर प्राणिसंग्रह केला होता, त्यात इंदिरा गांधींनी भेट दिलेले दोन हत्ती होते, सोनी आणि लंका. सोनी २०१० मध्ये गेला. लंका ही हत्तीण मागे उरली. तेव्हा त्या बेटांशी आपलं अगदीच काही नातं नाही असं नाही.

पडद्यामागचा

@जुनी_रद्दी, अवांतर कसलं, तुम्ही तर मला वाट करून दिलीत.

क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष तुजमान १९९९ च्या डिसेंबरात वारले, २००० च्या सुरुवातीला क्रोएशियात सरकार बदललं. त्यानंतर राडे आणि लेखक बोरिस्लाव्ह वुयचिच यांनी ब्रियुनीवर नाट्यसंस्था काढली आणि नाव ठेवलं 'युलिसिस'. वीस वर्षांनी घरी परतणाऱ्या ग्रीक वीराचं नाव. २००१ च्या उन्हाळ्यात पहिलं नाटक 'किंग लियर', दिग्दर्शन लेन्का उदोविच्कीचं, लियर राडे. जागा माली ब्रियुन, म्हणजे धाकटं बेट, त्यावरचा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातला 'मिनोर' नावाचा पडका किल्ला. राज्याचे तुकडे करून वाटणारा आणि मग रस्त्यावर आलेला राजा, आणि त्याचा प्रयोग युगोस्लाव्हियाच्या तुकड्यांतून आलेले नट टिटोच्या बेटांवर करतायत. पुढच्याच वर्षी 'मीडिया' ही ग्रीक शोकांतिका झाली आणि तिच्यासाठी मीरा फुर्लान परतली. सांजफूल, तुमच्या प्रतिसादाला हे जोडून वाचा.

लियरचे प्रयोग पुढे वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात होत राहिले. सुरुवात केली तेव्हा राडे पंचावन्नचा होता, म्हणजे लियरसाठी तरुणच. भूमिकेच्या वयाला तो प्रयोग करता करता पोचला.

रियेकाची_पणशीकरीण

मी नोकरीनिमित्त क्रोएशियातल्या रियेका शहरात राहते, ती बेटं इथून तास-दीड तासावर. तो लियर पाहिलाय. राडे आणि लेन्का आमच्या विद्यापीठातही अभिनयाचा अभ्यासक्रम चालवायचे.

नाटकाला जायचं म्हणजे फाझाना नावाच्या मासेमारी गावात संध्याकाळी पोचायचं. तिथून प्रेक्षकांना बोट घेऊन जाते. स्वेटर हवाच, दिवसभर उकडलं तरी रात्री खाऱ्या वाऱ्याने हाडं गारठतात. मला क्रोएशियन तेव्हा बाजारहाटापुरतं यायचं. पण लियर कथा म्हणून ठाऊक होता, आणि त्याचा आवाज असा की शब्द न कळता कुठे राग, कुठे भीती हे कळत होतं. वादळाच्या प्रसंगात तो ओरडतो असं मला वाटलं होतं. तसं नाही करत. आवाज उतरवत नेतो, आणि मागच्या रांगेतले लोक पुढे वाकून ऐकायला लागतात.

एक तक्रार: बसायला काही धड नव्हतं. साडेतीन तास लियर आणि कंबर, दोघांचे हाल.

रात्रपाळी

पणशीकरीण बाई, हेवा वाटला.

मग माझाच मुद्दा नव्याने मांडतो. लॉस एंजेलिसमध्ये नाव आणि पैसा कमावला नसता तर निर्जन बेटावर नाटक उभं करण्याची पत त्याच्याकडे असती का? तुम्ही ज्या ग्रेडेन्कोंना नावं ठेवताय त्यांच्यामुळेच "हॉलिवूडचा स्टार परत आला" म्हणून लोक बोटीत बसले असतील.

सांजफूल

असेलही. पण झाग्रेबमध्ये त्याची ओळख आधीपासून होती ना. ज्यांनी त्याला हाकललं त्यांनाही तो कोण ते माहीत होतं. शिवाय तिकडे त्याला नुसता नट कोणी समजत नाही. कविता लिहितो, गातो. अर्सेन देदिच यांची 'ने दाय से, इनेस' ही कविता राडेच्या आवाजातली आहे, ती आजही तिकडे घरोघरी पाठ असते. वय वाढत चाललेल्या स्त्रीला उद्देशून आहे. यूट्यूबवर ऐका, भाषा येत नसली तरी. सिगरेटने खरवडलेला आवाज, मागे जेमतेम संगीत.

सवाल_जवाब

त्याने निकोला टेस्लाही केलाय ना? ऑर्सन वेल्स असलेला तो सिनेमा?

पडद्यामागचा

ऑर्सन वेल्स असलेला १९८० चा सिनेमा वेगळा, तोही पापिचचाच. त्यात टेस्ला पेटर बोझोविच झालाय, वेल्स जे. पी. मॉर्गन. राडेचा टेस्ला १९७७ च्या दूरदर्शन मालिकेतला. आणि टेस्लाचं जन्मगाव स्मिल्यानही लिकातलंच, कुटुंबही सर्ब, शेवट अमेरिकेत. तिशीतला राडे हे काम करत होता तेव्हा त्याला स्वतःला कधी अमेरिकेत बिऱ्हाड करावं लागेल हे स्वप्नातही नसेल.

मुलगा डॅनिलो दिग्दर्शक आहे, मुलगी लुत्सिया अभिनेत्री. डॅनिलोने '७२ दिवस' हा लिकातल्या एका बिलंदर कुटुंबावरचा काळा विनोदी सिनेमा २०१० साली केला, त्यात बाप आहेच. आणि ज्या 'स्कोप्येची मुक्तता'बद्दल वर लिहिलं, त्याचा सिनेमा दोघा बापलेकांनी मिळून २०१६ मध्ये केला.

मुक्काम_पोस्ट_पेण

कोणाला कुठून सुरू करायचं असेल तर माझा क्रम: 'बिफोर द रेन', मग म्रदुशा दोन्या, मग 'फ्युजिटिव्ह पीसेस' (२००७). शेवटच्यात तो नाझींपासून वाचलेल्या ज्यू पोराला ग्रीसमध्ये लपवून वाढवणारा अभ्यासक आहे. रोमच्या महोत्सवात त्यासाठी सर्वोत्तम नटाचा पुरस्कार मिळाला. त्यात ना बंदूक, ना सूड. पोराला भूगर्भशास्त्र शिकवत बसलेला प्रेमळ माणूस.

रात्रपाळी

काल 'बिफोर द रेन' पाहिला. चांगला आहे. ठीक आहे, फार चांगला आहे. तो कैद्याचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये.

बोरिसबद्दलचं मत मात्र कायम. आणि फ्रान्चेस्को रोझीचा 'द ट्रूस' तुमच्या यादीतून कसा सुटला? १९९७, प्रीमो लेव्हीच्या आठवणींवरचा. ऑशविट्झमधून सुटलेल्या जॉन टर्टुरोला वाटेत एक ग्रीक व्यापारी भेटतो, जगायचं तर पायात बूट हवेत हे पहिलं शिकवतो, आणि त्याच्याकडून पिशव्या वाहून घेतो. तो ग्रीक म्हणजे राडे. युरोपातला सिनेमा आहे, रशियन भूमिका नाही, तरी तुमच्यापैकी एकानेही पाहिलेला दिसत नाही.

पडद्यामागचा

पाहिलेला नाही. लिंक असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा.